बटणाकडं जाणारा हात

खोडदला मोठ्या दुर्बिणींच्या वसाहतीत मी भाकरी करायचे, तेव्हा नायजेरियातला एक विद्यार्थी काही महिने कामाला आला होता. जेवताना तो टेप लावायचा. ढोल, कर्णे, आणि एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू चालायचं. पीठ मळताना माझे हात त्याच ठेक्यावर पडायचे. मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं होतं, त्यांच्याकडं लष्कराचं राज्य आहे, हे गाणं लष्कराची टिंगल करतं आणि त्यात ढोल त्याचा भाऊ वाजवतो. त्यापायी भाऊ तुरुंगात होता.

खाकीतला वॉचमन चहाला आला की या पाहुण्याचा हात आपोआप बटणाकडं जायचा आणि आवाज बारीक व्हायचा. वॉचमन हसायचा. "वाढवा की पावणं! मी काय मिलिट्रीवाला हाय व्हय? मला तर घरात बी कोन भीत न्हाई."

एक दिवस फोन आला. भावाला तुरुंगातच मारून टाकलं होतं. त्या संध्याकाळी पाहुणा जेवला नाही, टेप मात्र मोठ्यानं लावला. तेवढ्यात वॉचमन दारात दिसला, आणि पाहुण्याचा हात पुन्हा बटणावर गेला. वॉचमन मान खाली घालून परत फिरला. पाहुणा आपल्याच हाताकडं बघत म्हणाला, "भाई को चुप करने के लिए उनको मारना पडा. मेरे लिए तो सिर्फ वर्दी काफी है."

घरी मालकांच्या चपला वाजल्या की माझा हात रेडिओकडं असाच जातो. आणि त्यांनी तर माझ्यावर कधी हातसुद्धा उगारलेला नाही.