रूथबाईंच्या डोक्यावरचा पंखा

चर्चच्या पन्हाळीत पाला साचतो आणि चर्चच्या समितीत किस्से. पाला निदान पावसाळ्याआधी कोणीतरी शिडी लावून काढतं. किस्से तसेच राहतात आणि दरवर्षी त्यांच्यावर नवे येऊन बसतात. खामगावच्या आमच्या जुन्या दगडी चर्चच्या देखभाल समितीचा मी सेक्रेटरी, म्हणजे हा सगळा साठा माझ्याकडे.

नवे पाळकसाहेब नगरकडचे. आल्या आल्या पहिल्याच रविवारी, उपासना संपल्यावर त्यांनी समितीला थांबवून घेतलं. म्हणाले, "मला फार काही नको. इथे आलेल्या माणसाच्या डोक्यावर काही पडू नये, एवढं बघा."

आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. तिसऱ्या बाकावरचा पंखा नेहमीसारखा डुलत होता आणि कर्र-कर्र करत होता. मग आम्ही खाली पाहिलं. बरोबर त्याच्याखाली, आपल्या नेहमीच्या जागेवर रूथबाई पर्स आवरत होत्या.

हा पंखा त्यांनीच दिलेला. त्याच्या दांड्यावर पाटी आहे, 'प्रभूत निजलेले सॉलोमन मास्तर यांच्या स्मरणार्थ'. मास्तर म्हणजे रूथबाईंचे यजमान. हयातीतही ते प्रभूच्या घरातच निजायचे. प्रवचन सुरू झालं की पाच मिनिटांत घोरणं. मग रूथबाई कोपराने ढोसायच्या आणि म्हणायच्या, "हळू. पाळकसाहेब बोलून राह्यले." जागे व्हा असं म्हणाल्याचं कोणाला आठवत नाही.

समितीचे अध्यक्ष शांतवनसर, रिटायर्ड हेडमास्तर. ते हळूच म्हणाले, "रूथबाई, पंखा काढा लागते. पडन एखाद्या दिवशी."

"मास्तर कधी कोनाच्या अंगावर धावून गेले का?"

"नाही."

"मंग पंखा काऊन जाईन?"

सरांनी चाळीस वर्षं पोरांना गप्प बसवलं होतं. त्या दिवशी ते स्वतः गप्प बसले. पंख्याचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

*

पुढच्या बैठकीत पाळकसाहेबांनी आग विझवण्याचं लाल सिलिंडर आणलं. भिंतीवर लावायचं ठरलं. खजिनदार भालेराव म्हणाले, "बाहेर लावलं तर चोरीले जाईन." म्हणून ते आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली भालेरावांकडे, आणि भालेराव अर्धा आठवडा जळगाव जामोदला शेतावर.

पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "आणि आग लागली तर?"

"लागाच्या आधी मले एक फोन करा ना," भालेराव म्हणाले.

*

मग कॅमेरा. अंगणातल्या नळाची तोटी दोनदा गेली, म्हणून दारावर सीसीटीव्ही बसवला. आठवड्यात कॅमेराच गेला! पण रेकॉर्डिंग शाबूत होतं. आम्ही उत्साहाने पाहायला बसलो. आधी रिकामं अंगण, मग भिंतीवर एक शेपूट, मग स्क्रीनभर एका वानराचं काळं तोंड, मग अंधार.

शांतवनसरांनी तरीही पोलीस स्टेशन गाठलं. नियम म्हणजे नियम. तिथल्या हवालदाराने विचारलं, "कोनावर संशय?"

"संशय कायचा साहेब," सर म्हणाले, "चेहरा साफ दिसून राह्यला."

हवालदाराने रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. म्हणाला, "हा आमच्या क्वार्टरवरही येते. त्याले आमीच भेऊन राह्यलो."

*

घंटेच्या मनोऱ्यात आग्यामोहोळ बसलं होतं. ते काढायचा ठराव तीन वेळा झाला. काढायला वर कोणी जायचं, यावर एकदाही झाला नाही. शेवटी घंटाच वाजवायची नाही असं ठरलं.

त्यात एक लग्न आलं. नवरदेवाचा मामा लांबच्या गावचा, हौशी. त्याला कोणी सांगितलं नाही. त्याने दोर धरून मनसोक्त घंटा वाजवली. पुढच्या दोन मिनिटांत वऱ्हाड, बँडवाले आणि फोटोग्राफर समोरच्या जिनिंगच्या गोदामात होते. नवरी पुढे, नवरदेव मागे. लग्न तिथेच कापसाच्या गठाणींमध्ये लागलं. आणि अजून टिकून आहे, हेही सांगायला हवं.

*

बाजूच्या दाराची गोष्ट तर रेकॉर्डवर आहे. गर्दीत लोकांना बाहेर पडता यावं म्हणून हे दार. नाताळला अर्धं खामगाव मेणबत्ती लावायला येतं, त्यामुळे पाळकसाहेबांना त्याची फार काळजी. पण दारासमोर सागवानी कपाट, आणि कपाटावर पाटी. शांतवनसरांच्या आजोबांच्या स्मरणार्थ.

आमच्या चर्चमध्ये पाटी नसलेली वस्तू म्हणजे फक्त धूळ. कशालाही हात लावा, कोणाच्या तरी आजोबांना लागतो.

दोन तास चर्चा झाली. सरांचे डोळे भरून आले. शेवटी माझ्याच हाताने मी ठराव लिहिला: 'कपाट हलवणे शक्य नसल्याने दार दुसरीकडे नेता येईल काय, याची चौकशी करावी.'

पाळकसाहेबांनी सही केली आणि बराच वेळ कपाळावर हात धरून बसले. ते प्रार्थना करत होते असं आम्ही धरून चाललो.

*

पंखा मात्र दर रविवारी जास्त डुलत होता, हे मी हसत सांगत असलो तरी मला त्याची भीती वाटायची. आम्ही बटणाला चिकटपट्टी लावली. रूथबाई लवकर येऊन ती सोलायच्या. आम्ही त्यांना पुढच्या बाकावर बसायची विनंती केली. म्हणाल्या, "तिथं मले करमत नाही."

शेवटी एका शनिवारी इलेक्ट्रिशियन रफीकला बोलावलं. निदान वरून तार तरी बांध म्हटलं. तो शिडीवर चढला, दांड्याला हात लावला, आणि पंखा हुकासकट खाली आला. बरोबर रूथबाईंच्या जागेवर. बाकाचे दोन तुकडे झाले.

शांतवनसर तिथेच गुडघ्यांवर बसले. मग उठले, आणि भालेरावांना सोबत घेऊन आजोबांचं कपाट स्वतः ढकललं. बाजूचं दार उघडलं तेव्हा आत ऊन आलं.

नवा पंखा बसवला. भारी कंपनीचा. जुनी पाटी त्यालाच लावली, बाकही दुरुस्त केला. रविवारी रूथबाई आल्या, बसल्या, वर पाहिलं. सगळं प्रवचन त्यांनी वर पाहतच काढलं. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

आम्ही घरी गेलो. त्यांनी चहा केला.

"तब्येत बरी नाही का?" सरांनी विचारलं.

"बरी हाये."

"मंग येत काऊन नाही?"

रूथबाई कप पुसत राहिल्या. "पंखा चांगला हाये सर. वाराही लय देते. पन मुका हाये."

आम्ही परत निघालो. चर्चच्या फाटकाशी आल्यावर सरांनी रफीकला फोन लावला.

"नव्या पंख्याचा आवाज आला पायजे."

"सर, लोक आवाज बंद कराले बलावतात मले."

"तू ये. पन पडला नाही पायजे, सांगून ठेवतो."

रफीक आला. पंख्याला आधी जाड तार बांधली, सगळे नट आवळले, आणि छताजवळची झाकणाची वाटी तेवढी सैल सोडली. "आता पडनार नाही," म्हणाला. "फक्त बोलन."

समितीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेलं हे पहिलं काम. मी ठरावात लिहिलं, 'पंखा बिघडवण्यास मान्यता'. सही करताना पाळकसाहेबांनी कारणही विचारलं नाही.

रविवारी रूथबाईंना सरांनी स्वतः रिक्षातून आणलं. त्या आपल्या जागेवर बसल्या. पाळकसाहेबांचं प्रवचन सुरू झालं, आणि भालेरावांनी मागून हळूच बटण दाबलं. पंखा फिरला. कर्र-कर्र, कर्र-कर्र.

रूथबाईंनी वर पाहिलंच नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी फक्त कोपर सरकवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब बोलून राह्यले."