पुरं वाक्य

आमच्या टीचर आत्यानं जन्मात कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नाही. "आत्या, पाणी" असं म्हटलं की ती ढिम्म बसून राहायची. "पाण्याचं काय? नळाला आलंय? सांडलंय? पुरं वाक्य." मग आम्ही भाचरं तिच्यासमोर उभं राहून, "आत्या, मला तहान लागली आहे, मला पाणी हवं आहे" असं म्हणायचो. तेव्हा कुठं तिची मान हलायची. "हं. आता बस." आणि तांब्या पुढं यायचा. आमच्या घरात तहानेनं कुणी मेलं नाही, पण त्यात आत्याचा काही वाटा नव्हता.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्याच दोन खोल्यांत ती राहायची. आतोबा लवकर वारले, तेव्हा त्यांचा मुलगा अविनाश सातवीत होता. आतोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर, खाली आत्याची वेताची खुर्ची, आणि खुर्चीच्या हातावर एक लाल शाईचं पेन. सारी गल्ली तिला टीचर म्हणायची. भाजीवाली मालन दारात येऊन ओरडायची, "टीचर, कोबी!" आतून आवाज यायचा, "कोबीचं काय?" मालन टोपली उतरवत म्हणायची, "कोबी ताजा हाय, घ्या की वो आता! रोज रोज काय परीक्षा घेतायसा गरिबाची!" हे वाक्य पुरं असल्यामुळं कोबी घेतला जायचा.

अविनाश साखरेतला माणूस. आधी इकडच्याच एका साखर कारखान्यात केमिस्ट होता, मग नव्वदच्या दशकाच्या मध्यात ब्राझीलला गेला. ऊस तिथंही आहे आणि पगार इथल्यापेक्षा बरा, एवढंच त्यानं सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्यानं तिथल्याच लूसियाशी लग्न केलं, आणि दोन हजार सालच्या सुमारास नीना झाली. फोटो आला. आत्यानं तो पाहिला, आतोबांच्या फोटोच्या चौकटीत खोचला आणि मला हाक मारली.

मला का, ते सांगायला हवं. कॉलेजात असताना मी एका सामान्यज्ञान स्पर्धेत प्लॅस्टिकचा जेवणाचा डबा जिंकला होता. तेवढ्या डब्यावर मी घराण्याचा विद्वान ठरलो. लग्नाचा मुहूर्त सोडला तर बाकी सगळं मला विचारून व्हायचं, आणि मीही माहीत नसलेल्या गोष्टी जास्त ठासून सांगायचो.

आत्याच्या हातात अविनाशचं पत्र होतं. त्यानं लिहिलं होतं, 'इथं पोर्तुगीज बोलतात. लूसियाला इंग्रजी येत नाही. पण इकडच्या लोकांना स्पॅनिशही समजतं. तिकडं स्पॅनिशची पुस्तकं मिळतील. तुला कोणती सोपी जाते ते बघ.'

"सुऱ्या," आत्या म्हणाली, "मी आता एकसष्ट वर्षांची आहे. दोन भाषा शिकण्याइतका वेळ माझ्याकडं नाही. एकच शिकणार. स्पॅनिश की पोर्तुगीज?"

"स्पॅनिश," मी म्हणालो. डबा जिंकलेल्या माणसाला विचार करायला वेळ लागत नाही.

"का?"

"ज्याला इंग्रजी येतं त्याला स्पॅनिश सोपं. लिहिलंय तसं बोलायचं. आणि दोन्ही एकच गं, आपलं मराठी आणि कोकणी असतं तसं."

खरं कारण निराळं होतं. पुण्यात माझ्या एका मित्राकडं स्पॅनिशच्या कॅसेटी आणि पुस्तक धूळ खात पडलं होतं. पोर्तुगीजसाठी गोव्याला हेलपाटे घालावे लागले असते, आणि ते कुणी घालायचे हे मला दिसत होतं. ही गोष्ट मी आत्याला कधी सांगितली नाही. आज लिहितोय.

दीड वर्ष आत्यानं स्पॅनिश केलं. सकाळी पूजा, मग कॅसेट. एका बाजूला तांदूळ निवडता निवडता ती क्रियापदं म्हणायची. वहीत स्वतःच लिहायची, स्वतःच लाल शाईनं तपासायची, आणि खाली शेराही मारायची, 'अक्षर सुधारा'. मला समोर बसवून ती शब्द विचारायला लावायची. मी वही धरून डुलक्या घ्यायचो. "उभा राहा," ती म्हणायची. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा दोन लेकरांचा बाप मी, वही धरून उभा राहायचो, आणि माझी लेकरं दारातून बघून घ्यायची.

मग तो रविवार आला. आमच्या कोपऱ्यावर शिवगोंडाचं फोनचं बूथ होतं. तिथून परदेशी फोन लागायचा. आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून, कागदावर बारा वाक्यं लिहून घेऊन आली. अविनाशशी चार शब्द बोलून तिनं लूसियाला फोन द्यायला सांगितलं आणि बारा वाक्यं, एकही न अडखळता, म्हणून दाखवली. पलीकडून लूसियाचा हसण्याचा, आनंदाचा आवाज काचेच्या बाहेर मलाही ऐकू आला. तिला सगळं समजलं होतं. मग ती बोलू लागली. मग तिनं नीनाला फोन दिला. नीना दोन वर्षांची होती, नुकती बोलायला लागली होती. मिनिटभर ती काहीतरी सांगत होती. आत्या दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून म्हणत होती, "हं. हं. हं."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी आतोबा गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तसा पाहिला.

"पुरी वाक्यं होती रे तिची," ती म्हणाली. "मला एकही कळलं नाही."

मी काहीतरी पुटपुटलो, की ऐकून ऐकून सवय होते, फोनवर आवाज फाटतो. शिवगोंडा गल्ल्यामागून सगळं बघत होता. तो मूळचा सीमेकडचा, घरी निम्मं कानडी, निम्मं मराठी.

"टीचर, एक सांगू का?" तो म्हणाला. "रागवू नगा. आमची अज्जी जन्मभर कानडीच बोलली. आम्ही पोरं मराठीतनं उत्तर द्यायचो. तिला आमचं कळायचं, आम्हास्नी तिचं. कुणाचं काय अडलं न्हाई. बोलायला आपली कुठलीबी चालती वो. पण ऐकायला समोरच्याचीच यायला पायजे."

आत्या त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "शिवगोंडा, तू कितवीपर्यंत शिकलास?"

"आठवी नापास."

"चांगलं शिकलास," ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी आल्यावर तिनं स्पॅनिशचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "काय लिहिलंय? इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. मी इंग्रजी शिकवलं रे जन्मभर. बोलले कुणाशी? मालनशी? मी इंग्रजी बोलणारी आहे का, हे आधी ठरवायला हवं होतं. आणि मी तिला बारा वाक्यं सांगितली. मला कुठं सांगायचं होतं काही? मला ऐकायचं होतं."

ती मला एका शब्दानंही बोलली नाही, की स्पॅनिश तू सांगितलंस. बोलली असती तर बरं झालं असतं. कारण त्या दीड वर्षात नीना बोलायला शिकली होती, आणि ते दीड वर्ष काही पुण्यातल्या मित्राकडून परत मिळणार नव्हतं.

महिन्यातून एकदा आत्या गोव्याच्या एसटीत बसू लागली. मडगावला पोर्तुगीजच्या एक म्हाताऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्याकडं दोन रात्री राहायची, त्यांच्या आवाजात कॅसेटी भरून आणायची. घाटात तिला गाडी लागायची, म्हणून पदराला लिंबू बांधलेलं. पहिल्या दोन वेळा मी सोबत गेलो. हेलपाटे टाळण्यासाठी मी जे केलं होतं, त्याची ही परतफेड, असं मी मनाशी म्हणालो. तिसऱ्या वेळी माझी पाठ दुखत होती.

त्याच खेपेहून ती आली ती थेट माझ्या घरात. चपलाही काढल्या नाहीत. "सुऱ्या, चावीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?"

"यावे," मी म्हणालो. डुलक्यांतूनही तेवढं उरलं होतं.

"आणि पोर्तुगीजमध्ये शाव्ह. चावी! मिस्त्रीला मेस्त्र. कोबीला कोव्ह. नाताळ, पाव, इस्त्री. अरे, त्रेसष्ट वर्षं मी ही भाषा तोंडात घेऊन हिंडतेय आणि मला कुणी सांगितलं नाही! आणि ते नाकातले उच्चार. इंग्रजांना ते जमत नाहीत म्हणून अवघड म्हणतात. आपल्याला अनुस्वार काय नवीन आहे?"

दुसऱ्या दिवशी मालन आली तेव्हा आत्यानं तिला दारातच सांगितलं, "मालन, कोबी हा शब्द मुळात पोर्तुगीज आहे."

मालननं गड्डा उलटासुलटा करून पाहिला. "न्हाई वो टीचर. शिरोळचा हाय."

आत्या इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं.

नीना सहा वर्षांची असताना ते तिघं कोल्हापूरला आले, सहा आठवडे. दारात आत्या पहिलं वाक्य पोर्तुगीजमध्ये बोलली आणि लूसिया तोंडावर हात ठेवून हसू लागली. अविनाशनं सांगितलं, "आई, ती म्हणते तू तिच्या पणजोबांसारखी बोलतेस." आत्याला राग आला नाही. तिनं नीनाला खुर्चीजवळ घेतलं आणि गप्प बसली. नीना बोलू लागली.

त्या सहा आठवड्यांत आत्या फारशी बोललीच नाही. माझी आई वैतागली, "वन्सं, एवढं गोव्याला जाऊन जाऊन शिकलात आणि तोंडातून शब्द काढत नाही?" आत्या म्हणाली, "बोलायला कुठं शिकले मी?" नीना बोलायची आणि ती ऐकायची. शाळा, कुत्रं, उसाचं रान, पडलेला दात. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नीना खूपदा अर्धी वाक्यं बोलायची, पोरंच ती. आत्यानं तिला एकदाही टोकलं नाही. उरलेलं अर्धं ती आपल्या मनानं पुरं करायची आणि मान हलवायची.

टोकणं माझ्या वाट्याला होतं. "सुऱ्या, काय म्हणालास? पुरं वाक्य." नीनानं ते, आणि त्यामागचं 'आता बस'ही, चार दिवसांत उचललं. तिला मराठीतली तेवढीच दोन वाक्यं आली, आणि ती माझ्यावर वापरायला मिळाली म्हणून ती फार खूश होती. ती मला पोर्तुगीज शिकवायची. मला उभं करायची. मी एखादा शब्द बोलून थांबलो की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "पुरं वाक्य, काका!" जमलं, की आत्याची मान हलते तशी मान हलवून, "हं. आता बस, काका."

एकदा तिनं मला आतोबांच्या फोटोकडं बोट दाखवून विचारलं, हे कोण. आजोबा, मी म्हणालो. कुठं आहेत? मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं खुर्चीतून हळू आवाजात पोर्तुगीज वाक्य सांगितलं, आजोबा वारले. नीनानं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. क्रियापदात मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा बरोबर आलं. "आता बस, काका."

जायच्या दिवशी स्टेशनवर गाडी हलली, तशी नीना खिडकीतून काहीतरी मोठ्यानं ओरडली, बरंच लांबलचक. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. आत्या फलाटावर उभी होती. तिनं मान हलवली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मला म्हणाली," आत्या म्हणाली. "तुला कशाला सांगू?"

त्यानंतर आत्याच्याच खोलीत फोन बसवला. दर रविवारी आत्या खुर्चीत बसून ऐकायची. तीन वर्षं. मडगावच्या बाई वारल्या, तरी कॅसेटी होत्या. मग एका दुपारी, जेवून पान लावता लावता, आत्या त्या खुर्चीतच गेली. कुणाला हाक मारायलाही तिला वेळ मिळाला नाही. लाल पेन खाली पडलं होतं, ते मी उचलून खिशात ठेवलं.

फोन मलाच करायचा होता. इथं दुपार ढळली होती, म्हणजे तिथं सकाळ. अविनाश उचलेल, या हिशोबानं मी मनात मराठी वाक्यं जुळवली होती. पण गाळपाचे दिवस होते, तो कारखान्यात गेला होता. फोन उचलला नीनानं. शाळेला निघाली असावी. माझा आवाज ओळखून ती हसली.

आईला बोलव, एवढं म्हणायचं होतं. तेही मला त्या भाषेत सुचेना. मी उभाच होतो. "आजी..." मी तिच्या भाषेत म्हणालो आणि पुढं काही येईना.

पलीकडून ती हसतच होती. "पुरं वाक्य, काका!"

ते वाक्य मला येत होतं. तिनंच शिकवलं होतं, तीनदा म्हणवून घेऊन. फक्त आजोबांच्या जागी आजी घालायचं होतं. मी घातलं. या वेळी क्रियापद पहिल्याच खेपेला बरोबर आलं.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिलो. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली,

"आता बस, काका."

मी बसलो.