कल्पनेतला माणूस

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत वर राहणारी चित्रकार लाकडावर कोरून छापचित्रं काढते आणि एकदा बोलायला लागली की थांबत नाही. तिचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मदतीला म्हणून गेलेली मी दिवसभर अडकले. येणाऱ्या प्रत्येकाला ती हाताला धरून एकाच चित्रापुढे न्यायची. "हे माझे वडील. मी चित्रकला शिकायला जाते म्हटल्यावर दारात आडवे उभे राहिले. बघा ना, कसे बघतायत!" पाणी प्यायला आलेल्या वॉचमनलाही तिने सोडलं नाही. माझं डोकं उठलं. "अगं, लोकांना नुसतं बघू दे की!" म्हटलं, तर मलाच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

दुपारी नांदगावहून तिचे वडील आले, न कळवता. नेमके त्याच चित्रापुढे थांबले.

"ह्यो कोण गं?"

"कुणी नाही, अण्णा. कल्पनेतला आहे."

मी कपाळावर हात मारला. साऱ्या गावाला सांगून झालं, आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच नाही!

अण्णा बराच वेळ बघत राहिले. "लय रागीट दिसतोय," म्हणाले. मग हळूच, "मिशा मात्र माझ्याच लावल्या त्याला."