काम काही नाही, म्हणून आलो

सरकारी कचेरीत स्वतःच्या खुशीनं, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर डबा घेऊन आणि काडीचंही काम नसताना जाणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. बाकीची दुनिया नाइलाजानं तिकडं जाते आणि परतताना कुणाच्या तरी नावानं बोटं मोडते. आमचे मामा लग्नाला निघाल्यासारखे जातात. एकदा मी वैतागून विचारलं, "मामा, काम नाही तर जाता कशाला?" तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो. "जावईबापू, काम घेऊन गेलेल्या मानसाला फकस्त खिडकी दिसते. बिनकामाचं जाऊन बघा, मग कळंल केवढा कारभार हाय आत!" त्यांचा जन्म गेला रोह्याच्या एका कंपनीत. तिथंच जवळ वरसे गावात भाड्याच्या खोलीत राहायचे, शिफ्टला जायचे आणि एका टाकीत पावडर ओतायचे. दुसऱ्या टोकाला काय तयार होऊन बाहेर पडतं, ते त्यांना कुणी दाखवलंच नाही. "मी आत टाकायचो. भायेर काय पडायचं ता मना कवाच दिसला नाय," असं ते अजून सांगतात, आणि सांगताना खरोखर हळहळतात. रिटायर होऊन ते पेणजवळच्या खारेपाटातल्या आपल्या गावी आले, तेव्हा त्यांनी मनाशी एकच ठरवलं होतं: उरलेल्या आयुष्यात एखादी तरी गोष्ट इकडून आत गेलेली आणि तिकडून बाहेर आलेली बघायची.

सुरुवात ग्रामपंचायतीपासून झाली. मामा सकाळी जाऊन बाकावर बसले. ग्रामसेवकानं विचारलं, काय काम काढलंत? मामा म्हणाले, काम काही नाही, म्हणून आलो. ग्रामसेवक दिवसभर अस्वस्थ. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा हजर. मग तलाठ्याकडं, मग तालुक्याला, पंचायत समितीत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, तोंडानं चकार शब्द नाही, नजर मात्र या टेबलावरून त्या टेबलावर. एका कचेरीत तर हा तपासणीचा माणूस आहे अशी कुजबुज झाली. पंखा पुसला गेला, बंद घड्याळाला सेल आला आणि मामांना चहा आला. मामांना वाटलं, येणाऱ्या प्रत्येकाला चहा देतात. घरी येऊन त्यांनी आम्हाला सरकारच्या पाहुणचारावर तासभर ऐकवलं. एवढ्यानं भागेना म्हणून अधूनमधून रोह्याच्या कचेऱ्याही बघून येत. लोक जसे पेणचे गणपती पाहून झाले की दुसरीकडची आरास बघायला जातात, तसं हे. "रोह्याच्या बाकाला पाठ हाय. पेनला उजेड जास्त," असा निकालही देत.

हळूहळू त्यांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. रस्ता दिसला की हा कुणाचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा? गटार दिसलं की हे कुणाचं? आम्ही मूर्तिकारांच्या जोहे गावी गणपती ठरवायला निघालो, तर सगळ्या वाटेनं प्रत्येक खड्ड्याचं गोत्र सांगत आले. कारखान्यात शाडूच्या मूर्तीसमोर उभे राहून सगळे सोंडेची वळणं बघत होते, आणि मामा विचारत होते, "ह्या कारखान्याच्या दारातला दिवा कोन लावतो वो, पंचायत?" एकदा आमच्या घरात साप निघाला. बायको खाटेवर, पोरं टेबलावर, मी कुठं होतो ते सांगत नाही, आणि मामा दारात शांतपणे, "साप वनखात्याचा. पन चावला तर आरोग्य खात्याचा." अंगणवाडीत जाऊन पोरांच्या ओळीत बसून खिचडी खाऊन आले, कारण ती पोरांपर्यंत गरम पोचते का ते बघायचं होतं. आणि जनावरांच्या दवाखान्याचा किस्सा तर गावात अजून सांगतात. तिथं आत काय चालतं ते बघायचं, पण बरोबर जनावर नाही. मामांनी शेजारणीची धडधाकट शेळी मागून घेतली. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, हिला होतंय काय? "काय नाय. तब्येत एकदम बरी हाय. तुमची भेट घालून द्यायला आनली." डॉक्टर भला माणूस, त्यानं शेळीला जंताचं औषध पाजून परत पाठवलं. शेजारीण खूश झाली, मामा तर त्याहून खूश.

पण खरा जीव जडला तो पंचायत समितीच्या बाकावर. तिथं एक क्लार्कबाई होत्या. बोलायला फटकळ, पण माणूस ओळखणाऱ्या. पहिल्या महिन्यात त्यांनी मामांना तीनदा हाकललं असेल, पुढं मामा दिसले नाहीत तर शिपायाला विचारायच्या, "आज आपले बिनकामाचे कुठं गेले?" बाई झेरॉक्सला माझ्याच दुकानात यायच्या, पेणच्या रामवाडीत, म्हणून हे मला ठाऊक. एव्हाना मामांना सगळं तोंडपाठ झालं होतं. विहिरीसाठी कुठं जायचं, घरकुलाचं आधी कुणाला भेटायचं, उपकेंद्रात लस कोणत्या वारी मिळते. गोंधळलेला माणूस दिसला की हे बाकावरूनच सांगत, "आदी ग्रामसभेत ठराव, मग इथं. उगा हेलपाटा नको." लोक आशीर्वाद देऊन जात, आणि बाई म्हणत, मामांना आता खुर्चीच द्यावी लागेल.

आता मामींचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. मामींचं माहेर समोरच्या गावात, मध्ये फक्त खाडीचा एक फाटा. त्यावर जुना साकव होता, पायी जाण्यापुरता. मामी सकाळी भाकऱ्या भाजून निघायच्या आणि भावाकडं चहाला पोचायच्या. एका पावसाळ्यात उधाण आलं आणि साकव मधोमध तुटून वाहून गेला. रस्त्यानं जायचं तर हायवेला वळसा, दोन गाड्या बदलायच्या आणि पुढं खाडीच्या बांधावरून लांबलचक चाल. मामींचे गुडघे त्याला कुठले तयार! भाऊ थोरला, सगळी हयात मिठागरात राबलेला, पाय सुजलेले, कानानं मंद. फोनवर त्याला काही ऐकू येईना. म्हणून दोघं संध्याकाळी आपापल्या काठावर येऊन उभी राहायची. मामी ओरडायच्या, "जेवलास का रं?" तिकडून हात हलायचा. एवढाच संवाद. मामींच्या माहेरी गौर आणायचा मान लेकीचा. तेरड्याची गौर मामींच्याच हातानं उंबऱ्याच्या आत यायची. त्या वर्षी शेजारच्या बाईनं आणली. भाऊ इकडच्या काठाकडं बघत राहिला म्हणे. मामींनी हे मला सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. "पुढल्या गौरीला तरी मी जानार. आमचे हे रोज तालुक्याला जातात ना साकवासाठी. होईल."

हे ऐकून मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, मामांच्या खुळाचा उपयोग झाला. वर्षभर गाव तेच बोलत होतं. मामा इस्त्रीच्या शर्टात बसथांब्यावर दिसले की लोक हात जोडायचे: मामा साकवाच्या मागं लागलेत, आपण कशाला मध्ये पडा. सरपंचही तेच म्हणायचे. समोरच्या गावातही तेच. मामी पहाटे उठून डब्यात सुक्या जवळ्याची चटणी द्यायच्या, कधी नव्हे ती पोळीला तूप लावायच्या.

गणपती जवळ आले तेव्हा बाई दुकानात आल्या. मी सहज विचारलं, "आमच्या मामांच्या साकवाचं कुठवर आलं हो?"

"कुठला साकव?" बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "अहो, त्यांनी साकवाचा स काढला नाही कधी. आणि दोन्ही गावांतून कुणीच मागणी केलेली नाही."

मी दुकान बंद केलं आणि तडक गावी गेलो. मामा ओटीवर नखं कापत होते. विचारलं, तर साफ गोंधळले. "साकव? त्याचा कागद पंचायतीनं धाडला असंल ना. मना वाटला, गेलाच असंल वर." पंचायतीला वाटलं मामा बघतायत, मामांना वाटलं पंचायत बघतेय, आणि समोरच्या गावाला वाटलं हे गाव बघतंय. सगळे एकमेकांवर विसंबून वर्षभर निवांत! मला हसू आवरेना. तेवढ्यात आतून मामी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग वरीसभर तुमी तिथं काय करत व्हतात ओ?"

मामा खाली बघून म्हणाले, "बघत व्हतो."

"बघत व्हतात! माजा भाऊ पलीकडं उबा ऱ्हाऊन ऱ्हाऊन म्हातारा झाला, ता नाय दिसला तुमाला?" एवढं बोलून मामी आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. मग भांडीही थांबली. ते जास्त वाईट होतं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मामांनी कापायची राहिलेली नखं तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी डबा नव्हता. मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण माणूस एकटा सोडण्यासारखा दिसत नव्हता. पंचायत समितीत शिरलो, बाकाकडं न बघता मामा रांगेत उभे राहिले. सगळ्यात मागं. बाई टेबलावरून ओरडल्या, "मामा, रांगेत काय करताय? बसा की, चहा येतोय."

"आज बसायचं नाय," मामा म्हणाले. "आज काम हाय."

शिपाई चहाचा ट्रे घेऊन तसाच थांबला. मामांचा नंबर आला, आणि शेकडो लोकांना वाट दाखवणारा हा माणूस खिडकीशी उभा राहून सगळं विसरला. ठराव आठवेना, खातं आठवेना. ओठ हलले आणि एवढंच बाहेर पडलं, "बाय, तिचा भाऊ पलीकडं हाय." आणि रडले हो! एवढ्या माणसांत. बाई उठून बाहेर आल्या, त्यांना धरून बाकावर बसवलं आणि लहान पोराला समजवावं तसं त्यांनाच सांगितलं, "आधी ग्रामसभेत ठराव. दोन्ही गावांचा. मग इथं. उगाच हेलपाटा घालू नका." मामांनी प्रत्येक शब्दाला मान डोलावली, जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढचं रीतीनं झालं. आमच्या गावात आधी बायकांची ग्रामसभा झाली. एरवी मामी त्या सभेला मागं बसून पापडांची चर्चा करायच्या. यंदा उभ्या राहिल्या. बोलता येईना, तर शेजारणीनंच पाठीवर थाप मारली, "बोल गो, बोल." "मना माज्या भावाकडं जायाचा हाय," मामी म्हणाल्या, "दुसरा काय नाय," आणि खाली बसल्या. ठरावाला एकही हात वर यायचा राहिला नाही. समोरच्या गावानंही केला. मग मोजमाप झालं, कागद अलिबागला गेला, मंजुरी आली. त्या गौरीला काही ते जमलं नाही, पण पुढच्या गौरीच्या आधी साकव उभा राहिला, लोखंडी कठड्याचा. मामी नवी नऊवारी नेसून निघाल्या. मध्यावर गेल्या आणि थांबल्या, कारण पलीकडून भाऊ काठी टेकत निम्म्यापर्यंत आला होता. दोघांची गाठ पाण्याच्या बरोबर मधे पडली. सवयीनं मामी ओरडल्याच, "जेवलास का रं?" भाऊ म्हणाला, "वराडतेस काय, इथंच हाय ना मी!" आणि दोघं जी हसली, की आम्ही सगळे काठावर खुळ्यासारखे डोळे पुसत उभे.

गौर मामींच्या हातानं घरात गेली. मामींचा राग गेला, डब्यात पुन्हा चटणी आली असती. पण मामांचं तालुक्याला जाणंच बंद झालं. एका जागी बसून राहायचे. साप निघाला तरी कुणाचा म्हणून सांगेनात. मी छेडलं, "काय मामा, सरकार तुमच्यावाचून बंद पडायचं!" तर कसनुसं हसले. "आता गेलो तर मना खिडकीच दिसंल, जावईबापू. त्या बाकावर बसून वरीसभर चा प्यायलो मी." त्यांचं ते पांढऱ्या शर्टातलं खूळ मी किती वर्षं हसण्यावारी नेलं होतं. ते गेल्यावर घर कसं मुकं मुकं वाटायला लागलं.

परवा बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मामा दिसत नाहीत हल्ली. बरे आहेत ना? त्यांना सांगा, बोलावलंय."

"काही कागद राहिलाय का साकवाचा?"

"छे हो. काम काही नाही. नुसतं येऊन बसा म्हणावं."

मी गावी जाऊन निरोप सांगितला. मामांनी तो माझ्याकडून पुन्हापुन्हा वदवून घेतला. सही नको? नको. ठराव? नको. खरंच काय काम नाय म्हनाली? खरंच नाही. "मग बसलाव कशाला ओ?" आतून मामी म्हणाल्या. "शर्ट खुंटीला हाय, इस्त्री करून. रोज करून ठेवते मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून परतताना मामा माझ्या दुकानात आले. मी स्टूल पुढं केलं, विचारलं, काय काय बघितलंत आज? एरवी पंखे, टेबलं, बदल्या, नव्या योजना, तासभर चालायचं. आज डबा बाजूला ठेवून रस्त्याकडं बघत बसले.

"बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी व्हती," शेवटी म्हणाले. "पिशवी छातीशी धरून बसलेली, दिसभर. तिचा काम काय ता विचारायचा ऱ्हायला."

मग डबा उचलला, पायरीपर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "उद्या विचारतो."