न आलेली पाहुणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? — आपली ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

गोष्ट तशी टीव्हीवरच्या एका खेळाची. एवढंच? म्हणून हसाल. हसा, मीही बरीच वर्षं ती हसण्यावारीच नेली.

तेव्हा चेन्नईचं मद्रास होतं आणि आम्ही पश्चिम मांबळमला राहायचो. आम्ही तंजावरकडचे मराठी — उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी निम्मी गल्ली आमच्या हॉलमध्ये. पडद्यावर चार जण ओळीने बसायचे: एक निवृत्त न्यायाधीश, एक सिनेमातल्या विनोदी नटीबाई, एक दातांचे डॉक्टर आणि एक प्राध्यापक. समोर एक पाहुणा, काहीतरी जगावेगळं काम करणारा. चौघांनी मिळून दहा प्रश्न विचारायचे, पाहुण्याने फक्त 'आमा' किंवा 'इल्लै' म्हणायचं, म्हणजे हो किंवा नाही. काम ओळखता आलं नाही तर पाहुण्याला शाल आणि पितळी समई.

काय माणसं होती ती! नटीबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला — "या कामात हात मळतात का?" डॉक्टर पाहुण्याच्या चेहऱ्याकडे न बघता दातांकडे बघायचे. न्यायाधीश कधी हसले नाहीत, पण चुकले की चष्मा काढून पुसत बसायचे, आणि आमची गल्ली टाळ्या वाजवायची. आता रिमोटवर एवढी चॅनेलं आहेत, पण एखाद्याचा चष्मा पुसण्याला टाळ्या वाजवाव्यात असं कुणी दिसत नाही.

आमच्या हॉलमध्ये सगळ्यात आधी ओळखायची ती मी. टायपिस्टची नोकरी करणारी, चोवीस वर्षांची पद्मा. लोक म्हणायचे, हिला तिथे बसवा. मला ते खरं वाटलं. डोळे बांधून मी तमिळ आणि इंग्रजी दोन्ही टाईप करते, मला पाहुणी म्हणून बोलवा, अशी कार्डं मी त्यांना पाठवत राहिले. कुठली साडी नेसायची तेही ठरलं होतं. मनातल्या मनात मांडे खायला काय लागतं?

आणि सगळ्यात वाईट ओळखायची ती अंबुजा आत्या. आप्पांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. प्रत्येक पाहुणा तिला देवळातला पुजारी वाटायचा. एकदा पाहुणा पोहण्याचा मास्तर निघाला, तरी ही म्हणाली, "पण सोवळ्यातला दिसतो की गं!"

आत्याचं स्वतःचं काम काय होतं, सांगते. आमच्याकडे हरिकथा करणारे तमिळ भागवतर मधूनमधून मराठी साक्या, दिंड्या, अभंग गातात. तंजावरच्या मराठी राजांपासूनची रीत. पिढ्यान्‌पिढ्या गातात, पण अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि तमिळ लिपीत लिहिलेल्या वहीत ख, घ, भ कुठून येणार? ते सगळे आत्याकडे जीभ सरळ करून घ्यायला यायचे. ती वह्यांत लाल पेन्सिलीने टिंबं द्यायची आणि त्यांना तोंडासमोर तळहात धरायला लावायची. हाताला वारा लागला तर 'भ' खरा. गावोगाव गाजलेले मोठमोठे भागवतर आमच्या हॉलमध्ये मांडी घालून स्वतःच्या तळहातावर 'भ, भ' करत बसायचे.

आता तुम्हीच सांगा — असं काम दहा प्रश्नांत कोण ओळखणार?

एका दुपारी त्या कार्यक्रमाचं पाकीट आलं. मी नाव न बघता फाडलं. माझ्याशिवाय कुणाचं असणार? पत्र आत्याला होतं. कुंभकोणमच्या तिच्या एका शिष्याने तिला न सांगताच तिचं नाव कळवलं होतं. अमक्या गुरुवारी यावं, येणार असल्याचं आधी कळवावं. शेवटी लिहिलं होतं — आपलं काम आमच्या पॅनेलला ओळखता येणार नाही अशी आमची खात्री आहे.

मी ते पत्र लपवलं.

का? मी स्वतःला सांगितलं की लाजेपोटी. आत्या नऊवारी नेसून टीव्हीवर जाणार, तिचं अर्धं मराठी तमिळ साऱ्या मद्रासला ऐकू येणार, ऑफिसात लोक नक्कल करणार. तिचं हसं होऊ नये म्हणूनच ना? बरीच वर्षं मी हेच धरून बसले होते. लाज ही त्यातल्या त्यात बरी दिसते.

पण ते खोटं आहे. माझ्या पोटात दुखलं. एवढी कार्डं मी पाठवली आणि बोलावणं तिला — जिला पोहण्याचा मास्तरसुद्धा ओळखता येत नाही! मत्सर होता तो. दुसरं काही नाही.

तो गुरुवार आला. कार्यक्रम तेव्हा थेट व्हायचा. मी आत्याच्या शेजारी बसले होते, गल्ली समोर सतरंजीवर. निवेदक हात जोडून म्हणाले, आज एक विदुषी येणार होत्या, त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणून आपण दुसऱ्या पाहुण्यांना भेटू. आत्याने कपाळावर हात मारला.

"अय्यो! कोण गं ही वेडी बाई? असं बोलावणं कुणी सोडतं?"

सगळे हसले. मीही हसले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळतं ते माझं ते हसणं.

पुढे कुंभकोणमचा शिष्य आला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, आत्यांना एखादं पत्र आलं होतं का? मी म्हटलं, "नाही हो." तो हिरमुसला. बिचाऱ्याने नंतर कधी विषय काढला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं पोस्टमन दिसला की मी आत पळायची, दुसरं पत्र येईल म्हणून. आलं नाही. दोनेक वर्षांत तो कार्यक्रमही बंद पडला.

आज आत्या ऐंशीच्या पुढे आहे. आप्पा गेल्यावर मी तिला वेलचेरीला माझ्याकडे आणलं. लोक म्हणतात, पद्मा किती करते आत्याचं! करते. का करते, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. कान मंद झालेत, पण हरिकथा शिकणाऱ्या दोन मुली तिच्याकडे येतात. 'भ' तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून आता ती स्वतःचाच तळहात त्यांच्या तोंडासमोर धरते. वारा लागला की खूश.

आणि गुरुवारी ती माझ्या मुलीबरोबर तो जुना खेळ खेळते. मुलीला मराठीपेक्षा तमिळ सोपं जातं, त्यामुळे 'आमा' आणि 'इल्लै' दोघींना चालतं. गेल्या गुरुवारी आत्या पाहुणी झाली. मुलीचे दहा प्रश्न संपले तरी तिला काम ओळखता आलं नाही, तेव्हा आत्या टाळी वाजवून मला म्हणाली,

"पद्मे, मजला तिथं कुणी बोलावलं असतं ना, त्या जज्जाला चष्मा पुसायला लावला असता बघ!"

एवढ्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं. तिला जायचं होतं. मला काय वाटलं होतं, नव्हतं जायचं तिला? मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.

ते पत्र मी फाडलं नव्हतं. माझ्या टायपिंगच्या सर्टिफिकेटांच्या डब्यात, तळाशी होतं. काल काढलं. घडीवर चिरलंय, पण अक्षर न अक्षर वाचता येतं. ओळखता येणार नाही अशी आमची खात्री आहे — हे तिच्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, आणि ते तिने अजून वाचलेलं नाही.

उद्या गुरुवार. मुली शिकून गेल्या की मी ते तिच्या हातात देणार आहे. ती वेडी बाई कोण होती आणि तिचं पत्र कुणी दाबलं, तेही मीच सांगेन. तिचा कान मंद आहे, तेव्हा मोठ्याने सांगावं लागेल. शेजारी ऐकू गेलं तर जाऊ दे. पत्राचा टाईप बारीक आहे. तिचा चष्मा मी आताच पुसून ठेवला आहे.