रस्त्यापलीकडून बोलणारा शालवाला

माझ्या आयुष्यात मला सौद्यात हरवणारा माणूस एकच, आणि तो सोलापूरचा नाही, मराठी नाही, फार काय, त्याचं गाव नेमकं कोणाचं यावर दोन सरकारांचं अजून एकमत नाही. नातेपुत्याच्या बाजारात सायकलवर चादरींची गठडी लादून मी धंदा शिकलो. आज पेठेत माझं स्वतःचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याच्या चपलेवरून ते कुठल्या भावाला थांबणार हे मी ओळखतो. पण दर हिवाळ्यात काश्मीरहून शालींचं बोचकं घेऊन येणारा आणि माझ्याच दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहणारा चाचा मला कधी ओळखता आला नाही. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

पहिली तक्रार त्याच्या बोलण्याची. इतके हिवाळे इथे काढून तो 'लई' आणि 'की' लावून अस्सल सोलापुरी बोलायचा, ते ठीक. पण हवापाण्याच्या गप्पा तेवढ्या जवळ बसून व्हायच्या. मुद्द्याची गोष्ट निघाली की हा उठायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या भांडीवाल्याच्या ओट्यावर उभा राहून बोलायचा. तेही तुकड्यातुकड्याने, मध्ये थांबत, हातवारे करत. गालाला तळहात लावला म्हणजे कोणी आजारी, दोन्ही हात झुलवले म्हणजे मूल झालं, मुठीवर मूठ ठेवली म्हणजे भाव पक्का. एकदा त्याच्या शालींसाठी मी त्याच्या कानात सांगितलेला घाऊक भाव त्याने पलीकडे जाऊन साऱ्या पेठेला ऐकवला. भांडीवाल्याने लगेच त्याच भावात दोन शाली मागितल्या. मी इतका भडकलो की हातातला चहा त्या बोचक्यावरच ओतणार होतो. तो मात्र पलीकडून शांतपणे म्हणाला, "जवळनं मानूस खोटं बोलतंय, आण्णा. लांबनं खोटं बोलाया दम पुरत न्हाय की."

ही खोड त्याने आपल्या गावच्या नदीवरून आणली होती. एकेकाळी त्या नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्याच नातलगांची वस्ती होती आणि सगळ्यांवर एकच महाराजा. मग फाळणी झाली, लढाई झाली, आणि सरहद्दीची रेघ त्या भागात बरोबर पाण्यातून गेली. अलीकडे नदीला किशनगंगा म्हणतात, पलीकडे नीलम. अलीकडे राज्य होतं, ते केंद्रशासित झालं. पलीकडे दुसरं सरकार, दुसरा झेंडा, घड्याळसुद्धा अर्धा तास मागे. "कागद बदलत्यात, साहेब बदलत्यात, बरफ तेवढंच पडतंय," एवढंच त्याचं राजकारण. त्याचा थोरला भाऊ पलीकडे राहिला होता. पाण्याचा आवाज एवढा की ओरडलेलं निम्मंच पोचायचं, उरलेलं हातांनी सांगायचं. लग्न झालं की नवरी काठावर आणून दाखवायची. कोणी मेलं की जनाजा काठावर आणायचा, तोंडावरचं कापड बाजूला करायचं, आणि समोरच्यांनी बघून घ्यायचं.

हे कळल्यावर मला त्याच्या दुसऱ्या खोडीची भीती वाटू लागली. दिवस मावळताना तो सिद्धेश्वर तळ्यावर जाऊन किल्ल्याकडच्या काठाकडे तोंड करून उभा राहायचा. अंधारलं तरी हलायचा नाही. भावाच्या घड्याळात अजून अर्धा तास बाकी असायचा ना! स्वतः हिवाळाभर इकडे. तेवढ्यात भाऊ गेला तर त्याला काठावर आणतील आणि समोर बघायला कोणीच नसेल, याचा त्याला घोर. न बघता माघारी नेलेला माणूस तसाच राहत नाही, आपलं माणूस जिथे असेल तिथल्या पाण्याशी येतो, असं तो चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्या सहज सांगायचा. "अजून दिसला न्हाय, म्हंजी जिता हाय की."

माझं लक्ष होतं त्याच्या अंगावरच्या शालीवर. अक्रोडी रंगाची, जुनी, काठाला बारीक सुईकाम. तसं काम मी विकायच्या मालात कधी पाहिलं नाही. दर हिवाळ्याला मी भाव चढवायचो आणि तो मान हलवायचा. एकदा चिडून मी त्याचं बोचकं खोलीबाहेर काढलं, आणि मीच ते परत आत नेऊन ठेवलं. त्या दिवशी तो रस्ता ओलांडून गेला आणि पलीकडून म्हणाला, "ही दिली तर त्यो मला वळखंल कसा, आण्णा?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर, मी शालीचा सौदा करत करतच त्याच्याबरोबर तळ्यावर गेलो. समोरच्या काठावर चार माणसं खांद्यावर काहीतरी लांबट, पांढरं घेऊन उतरली. त्यांनी ते पाण्याजवळ टेकवलं. एकाने वाकून एका टोकाचं कापड बाजूला केलं आणि चौघेही आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मी घाईघाईने म्हणालो, मंडपवाले असतील, कनात गुंडाळून नेत असतील. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. तळं निवांत होतं, पण कानांत पाणी कोसळत होतं. चाचाने शाल दोन्ही हातांनी उंच पसरून धरली. पलीकडच्या एकाने हात वर केला. मग कापड पुन्हा ओढलं गेलं, आणि ते चढ चढून दिसेनासे झाले.

सकाळी तो दुकानात आला, अगदी माझ्या गादीपर्यंत. इतक्या जवळ उभा राहून तो मुद्द्याचं पहिल्यांदाच बोलला. "घ्या. त्यानं बघितलं मला." घडी घातलेली शाल समोर होती. मी मोल विचारलं, त्याने शाल नुसती माझ्याकडे सरकवली. मी ओरडलो, इतकी वर्षं घासाघीस करून फुकट घ्यायला मी काय भिकारी आहे? त्याने बोचकं उचललं, रस्ता ओलांडला, वळला आणि मुठीवर मूठ ठेवली. भाव पक्का. कुठला भाव, ते मला आजतागायत समजलेलं नाही. त्याच दुपारी मी मंडपवाल्याला गाठलं. त्याचा माल कधीच गेला होता, आदल्या संध्याकाळी त्याचं एकही माणूस तळ्यावर नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात खोली रिकामीच राहिली. फोन लागत नाही. दुसरे शालवाले म्हणतात, त्या बाजूला लागत नाहीच. आता उन्हाळा लागलाय, सोलापूरचा उन्हाळा, आणि दिवस मावळताना मी लोकरीची शाल पांघरून घामाघूम होऊन तळ्यावर उभा असतो. भांडीवाला हसतो, बायको डॉक्टरकडे चला म्हणते. काय सांगू त्यांना? मला ओळखायला चाचाकडे दुसरी काही खूण नाही. समोरचा काठ रिकामा दिसला की बरं वाटतं. अंधार पडतो, लोक घरी जातात. मी आणखी अर्धा तास थांबतो.