फुलदाणीची जागा

लोकशाही आणि मानवी हक्कांवर बोलायला किती खुर्च्या लागतात, सांगता येईल तुम्हाला? नाही ना? मग ऐका. चाळीस लागतात. आणि एक फुलदाणी.

हे गणित टेपकाकांचं. परराष्ट्र खात्याच्या राजशिष्टाचार विभागात सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, कोणाला कुठं बसवायचं ते ठरवणं. भाषणं साहेबलोक लिहितात, करार वकील लिहितात, पण दोन देशांचं बूड शेजारीशेजारी टेकेल की नाही, हे टेपकाका सांगतात. खिशात कायम स्टीलची टेप, म्हणून हे नाव. माणशी सत्तर सेंटिमीटर. "मंत्री असो की महाराजा, बूड सगळ्यांचं सारखंच," असं म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

या कामातलं गुपित त्यांना एका जुन्या हेडक्लार्कने शिकवलं होतं. "ज्या दोन देशांतून विस्तव जात नाही ते शेजारी आले, की मध्ये काहीतरी ठेवायचं. फुलदाणी ठेव, घड्याळ ठेव. पण ठेवशील ते मुकं ठेव." सव्वीस वर्षं काकांनी हे पाळलं. मोडलं ते एकदाच, आणि तेही सख्ख्या बहिणीसाठी.

बहीण मोठी. काका तिला ताई म्हणतात. तिची एकुलती एक मुलगी प्राथमिक शाळेत शिकवायची. अकरा महिन्यांपूर्वी सकाळी साडेसातला, डबा भरत असताना, चौघं आले आणि तिला घेऊन गेले. कुठल्या कोठडीत आहे माहीत नाही, गुन्हा काय माहीत नाही, कोर्टात उभी केलेली नाही. ताईने उंबरठे झिजवले. प्रत्येक टेबलावर उत्तर एकच, "आमच्याकडे नोंद नाही." नोंद नाही म्हणे! हाडामांसाची पोर काय वाफ होऊन उडाली?

अशातच परिषद ठरली. चाळीस देश, तीन दिवस. कार्यक्रमपत्रिकेत 'नागरिकांचा आवाज' नसला तर बाहेर नाक कापलं जाईल, म्हणून एक खुर्ची नागरिकांना द्यायचं ठरलं. बोलायला तीन मिनिटं. ज्यांची मुलं अशी नेली गेली त्या आयांच्या मंडळाला ती मिळाली. आयांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी ताईची निघाली.

ती आपली बहीण आहे हे काकांनी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. आडनावं वेगळी, त्यामुळे खपून गेलं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी टेप काढून घेतली असती.

आता घोडं अडलं ते बसण्याच्या नकाशावर. देश वर्णक्रमाने बसवले की सीमेवरून भांडणारे दोघे नेमके शेजारी येत होते. मध्ये फुलदाणी हवी. पण टेबलाची जागा एकेचाळीसच. चाळीस देश, एक ताई, मग फुलदाणी कुठं? मागे भिंतीला लागून दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या, टेबल वाढवायची सोय नाही. काकांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग टेप टेबलावर आपटून म्हणाले, "जमलं!" दोघांच्या मध्ये नागरिकांची खुर्ची. एका दगडात दोन पक्षी. शिवाय ती जागा अध्यक्षांच्या बरोब्बर समोर. ताई बोलेल तेव्हा कोणाला मान फिरवायची सबब नको.

विभागाच्या प्रमुख मॅडम खूश झाल्या. "काका, तुमचा हात धरणारा कोणी नाही." नकाशा सगळ्या दूतावासांना गेला. ठरल्या मुदतीत सगळ्यांची मान्यता आली की नकाशा पक्का. त्यानंतर नवी खुर्ची घालायची तर चाळीसही देशांची लेखी संमती लागते. काढायची झाली तर शेजारच्या दोघांची पुरते.

मुदत संपली, नकाशा पक्का झाला, आणि परिषदेच्या चार दिवस आधी मॅडमनी काकांना आत बोलावलं. टेबलावर दोन पत्रं होती.

"वाचा."

काकांनी वाचली. एका देशाने लिहिलं होतं, आमच्या प्रतिनिधीच्या शेजारून सरकारवर आरोप झालेले आम्हाला चालणार नाहीत. दुसऱ्याने लिहिलं होतं, आम्हालाही नाही.

"बघा की," मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "नऊ वर्षांत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नाही. झालं ते यावर."

"दुसरीकडे बसवू त्यांना, मॅडम. दाराजवळ, टोकाला..."

"चाळीस सह्या चार दिवसांत? काका, हा नियम तुम्हीच मला शिकवलात ना? आधीच टोकाला बसवलं असतं तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मध्ये बसवायची अक्कल कोणाची?"

अक्कल कोणाची ते काकांना माहीत होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. वाईट बाई नव्हत्या. "तुम्हाला काही म्हणायचंय का?"

ती माझी बहीण आहे, असं म्हणायचं होतं. तिला फक्त पोरगी कुठे आहे एवढंच विचारायचंय, असं म्हणायचं होतं. पेन्शनला दोन वर्षं, आणि भाची नेली तसं घरातलं आणखी कोणी न्यायला त्यांना कितीसा वेळ?

"फुलदाणी किती उंच हवी?" काकांनी विचारलं.

संध्याकाळी ते ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, घड्याळ समोर ठेवून कागद वाचत होती.

"ये. ऐक जरा. आधी साडेतीन मिनिटं व्हायचं. पोरीच्या लहानपणचं सगळं काढून टाकलं, आता दोन पन्नासवर आलंय. दहा सेकंद रडू आलं तर हाताशी."

"ताई, खुर्ची गेली."

तिने घड्याळ बंद केलं. काकांनी सगळं सांगितलं. विस्तव, फुलदाणी, दोन पत्रं, सगळं.

"म्हणजे माझ्या जागी फुलं?"

"हो."

"कुठली?"

"पांढरी."

"खरी की प्लॅस्टिकची?"

"खरी. ठेंगणी. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे ना."

"मीही ठेंगणीच आहे की रे," ताई म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. तिने भावाला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने चहा टाकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते त्या कपभर चहात काकांना कळलं.

परिषद झाली. काका नेहमीसारखे पडद्यामागे, खिशातली टेप मुठीत आवळून उभे होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी ताईची पाळी होती. अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय." बस्स, एवढंच. तीन मिनिटं वाचली, म्हणून चहाची सुट्टी तीन मिनिटं आधी झाली. ते दोघे भांडखोर फुलदाणीवरून एकमेकांना बिस्किटांची बशी सरकवताना काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शेवटच्या दिवशी ठराव झाला, टाळ्या झाल्या. फुलं सफाईवालीने बादलीत टाकली.

त्याला आता पाच महिने झाले. मुलीचा पत्ता नाही. ताई दर गुरुवारी दहा ते एक परराष्ट्र खात्याच्या फाटकासमोरच्या बाकावर येऊन बसते. घोषणा नाही, फलक नाही. हातात तो कागद, दोन मिनिटं पन्नास सेकंदांचा. साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत टेपकाका बाहेर येतात आणि त्याच बाकावर बसतात, पण दुसऱ्या टोकाला, पेपरात तोंड खुपसून, ओळख नसल्यासारखे. फाटकावर कॅमेरा आहे. पहिल्याच गुरुवारी त्यांनी सवयीने बाक मोजला. दोन मीटर दहा. तीन माणसं आरामात बसतात.

बहीण एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला, आणि मधली सत्तर सेंटिमीटर रिकामी. तिथे त्या कागदातला शब्दही तो मोठ्याने वाचू शकत नाही, आणि ती त्याला वाच म्हणत नाही.

तुम्ही कधी गुरुवारी त्या रस्त्याने जात असाल, तर थांबा. त्या मधल्या जागेवर बसा. तिच्याकडून कागद मागून घ्या आणि वाचा, मोठ्याने वाचा. तीन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. पण बसायचं असेल तर एवढं करा, फुलदाणीसारखे बसू नका.